उभी लगोरी

माझा नवरा रॉइस आमच्या दऱ्या भटकणाऱ्या मंडळाचा म्होरक्या व्हावा असं रॉइसपेक्षाही मला जास्त वाटत होतं. मंडळातल्या बायकांना हे प्रेम वाटलं. नादीन तर म्हणालीसुद्धा, "मार्लिस, किती गं तू त्याच्या पाठीशी उभी असतेस!" खरं तर पाठीशी तो उभा असायचा, तोच तर त्रास होता.

रॉइसनं जन्मभर विमा कंपनीत नोकरी केली. कुणाच्या गाडीला पोचा आला की जाऊन तो बघायचा आणि पोचा अपघाताच्या आधीपासूनच होता हे शोधून काढायचा. निवृत्त झाल्यावर पोचे संपले, पण बघायची सवय काही सुटली नाही. आता तो मला बघतो. मी डिशवॉशरमध्ये ताटल्या लावायला लागले की मागे येऊन उभा राहतो आणि एक खोल श्वास घेतो. मग म्हणतो, "तू लावतेस तशीच लाव. मी काही बोलत नाही." मसाल्यांच्या बाटल्यांवर त्यानं नावं चिकटवली आहेत. मिठाच्या बाटलीवरसुद्धा. माझं केस कापायचं दुकान मी विकलं ते घरी निवांत बसायला मिळावं म्हणून, आणि घरी येऊन बघते तर हा आधीच येऊन बसलेला.

मंडळाच्या म्होरक्याला आठवड्यातले दोन दिवस घराबाहेर काढावे लागतात. मंगळवारी जाऊन दरीतली वाट हेरून यायची, गुरुवारी सगळ्यांना न्यायचं. म्होरक्या ठरवायच्या परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी रॉइस वाट हेरायला गेला आणि मला त्या दिवसाची चव लागली. मी अंघोळ केली नाही. जुना झगा घालून सिंकपाशी उभ्यानं टोस्ट खाल्ला आणि चुरा खुशाल सांडू दिला. रेडिओ मोठ्यानं लावला. मग खिडकीत बसून काहीच केलं नाही, आणि दिवसभरात एकदाही कुणी 'काय करतेस?' असं विचारलं नाही. संध्याकाळी ट्रकचा आवाज आला तेव्हा मला चक्क रडू फुटायचं बाकी होतं.

तेव्हाच मी ठरवलं, काही झालं तरी याला म्होरक्या करायचंच.

आमचं मंडळ म्हणजे ओरेगनच्या कोरड्या बाजूला राहणारी, गुडघे अजून थोडेफार शाबूत असलेली म्हातारी माणसं. दर गुरुवारी कुठल्यातरी नदीच्या दरीत उतरायचं, डबा खायचा आणि अंधार पडायच्या आत वर यायचं. आपण येऊन गेलो हे निसर्गाला कळतासुद्धा कामा नये, हे आमचं ब्रीद. संत्र्याची साल, अंड्याचं टरफल, आणखीही जे काही माणसाच्या हातून दरीत राहू शकतं ते सगळं आम्ही पिशवीत घालून परत आणतो. जास्त विचारू नका. त्या दरीपर्यंत आम्ही आपापल्या अजस्र ट्रकमधून तासभर धुरळा उडवत जातो, पण त्याबद्दल मंडळाचं काही ब्रीद नाही. फोन ट्रकमध्येच ठेवायचे. आणि वाटेत लगोरी दिसली की पाडायची.

लगोऱ्यांवर मंडळाचा भारी राग. हल्ली कोणीही उठतं, दरीत येतं, चार चपटे दगड एकावर एक रचतं, फोटो काढतं आणि निघून जातं. निसर्गानं जे दगड आडवे ठेवले ते उभे करणारे तुम्ही कोण? सगळ्यात जास्त चीड रॉइसला. तो नुसती लाथ मारून थांबत नाही. एकेक दगड उचलून, दगडफूल असलेली बाजू वर करून, आधी होता तसा मातीत बसवतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो मी आमच्या मुलांच्या बारशालाही बघितला नव्हता.

आमचा जुना म्होरक्या ऑर्विल ऐंशीच्या पुढचा, दोन्ही गुडघे बदललेले. त्यानं यंदा जाहीर केलं की आता बस्स. दोन उमेदवार उभे राहिले. एक रॉइस आणि दुसरा ग्लेन. ग्लेन दंतवैद्य होता, त्यामुळे प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघायची त्याला सवय आहे. ग्लेनची परीक्षा आदल्या गुरुवारी झाली. ठिकठिकाणी पाट्या लावलेली वाट त्यानं निवडली, आम्ही गेलो, आलो, कुणाला काही आठवत नाही. आता पाळी रॉइसची.

परीक्षेचा नियम सोपा आहे. उमेदवारानं मंडळाला दरीत न्यायचं आणि परत वर आणायचं. जुना म्होरक्या बरोबर येणार, पण वाटेबद्दल तोंडातून शब्द काढणार नाही. त्याला तोंड उघडावं लागलं की उमेदवार नापास. ऑर्विलला हे जड नव्हतं. तो एरवीही सूर्यफुलाच्या बिया चघळत, टरफलं सदऱ्याच्या खिशात टाकत गप्पच चालतो.

रॉइसनं ग्लेनला खाली बघायला लावायचं म्हणून टिनकपची दरी निवडली. तिथे पाटी नाही, धड पायवाट नाही. पठारावर सेजच्या झुडपांतून चालत जायचं, मग एकदम पायांखालची जमीन संपते आणि नदी खूप खाली दिसते. काळा कातळ सगळीकडे सरळ तुटलेला. त्यात उतरण्याजोगी फट एकच. त्या फटीतून एक घळ खाली नदीपर्यंत जाते, आणि तिच्या आजूबाजूला अगदी तशाच दिसणाऱ्या घळी आहेत, ज्या खालून चढून गेलं की वर कातळाला जाऊन डोकं आपटतं. कुठली घळ खरी हे कळावं म्हणून वळणावळणावर लगोऱ्या होत्या. जुन्या काळी मेंढपाळांनी रचल्या म्हणे.

सकाळी ट्रकपाशीच रॉइसनं सगळ्यांना गोळा केलं.

"मंडळी, पाणी घेतलंय ना सगळ्यांनी? टोप्या? नादीन, गुडघ्याला पट्टा बांधलास?"

"बांधलाय रे बाबा."

"दाखव."

"रॉइस, मी पँट वर करणार नाही इथे."

"बरं. मार्लिस, तू पिछाडीला राहा. पूर्वी हेलन असायची ना, तशी."

हेलन म्हणजे ऑर्विलची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत मंडळाच्या पिछाडीला तीच चालायची, सगळ्यांच्या मागे, हातात जाडे हातमोजे. ऑर्विलनं तिचं नाव ऐकून एक बी चघळली आणि टरफल खिशात टाकलं.

फटीच्या तोंडाशी पहिली लगोरी होती. चांगली कमरेएवढी. रॉइस तिच्यासमोर थांबला आणि हात पसरून म्हणाला, "हे बघा! माणसाची घमेंड! आपण इथून गेलो हे जगाला ओरडून सांगायची हौस!"

"अरे, पण ती जुनी दिसतेय," नादीन म्हणाली.

"घमेंडही जुनीच असते, नादीन."

मंडळानं टाळ्या वाजवल्या. रॉइस वाकला आणि पाडकामाला लागला. तेवढ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मंगळवारी हा वाट हेरून गेला तेव्हा या लगोऱ्या उभ्या होत्या. पाडायच्या तर मंडळाच्या डोळ्यांदेखत, म्हणून त्यानं त्या दिवशी एकीलाही हात लावला नव्हता. म्हणजे ही दरी त्यानं लगोऱ्या बघत बघत पार केली होती, आणि आता जी वाट त्याला ठाऊक होती तीच तो उचलून मातीत पुरत चालला होता.

माझा नवरा जमीन वाचतो असं तो सांगतो. दुकानासमोर लावलेली आपली गाडी शोधताना हाच माणूस दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसला होता आणि आतल्या बाईला विचारत होता, सीट एवढी पुढे का घेतलीस म्हणून.

मंडळी गप्पा मारत खाली उतरू लागली. त्यांचा विषय कोलेस्टेरॉल होता, त्यामुळे मागे वळून बघायची कुणाला फुरसत नव्हती. घळीच्या पहिल्या वळणावर रॉइसनं लगोरी पाडली. सगळे पुढे गेल्यावर मी खाली बसले आणि ती पुन्हा रचली. आधीसारखी छान नाही, पण उभी राहिली. दुसऱ्या वळणावर तेच. सुट्या दगडांच्या घसाऱ्याच्या शेवटी, नदीकाठाला लागायच्या जागी, एक मोठी होती. ती रचताना मला धाप लागली. वर बघितलं तर ऑर्विल. त्याचे गुडघे उताराला हळू चालतात, तो माझ्याही मागे राहिला होता.

मी हातात दगड घेऊन तशीच बसले. तो बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि ससाणा बघायला लागला. आकाशात चिटपाखरूही नव्हतं.

मी तो दगड वर ठेवला आणि आम्ही दोघं मंडळींच्या मागे निघालो.

नदीकाठची चाल खरोखर सुंदर झाली, हे मी कबूल करते. दोन्ही बाजूंना कातळाच्या उभ्या रांगा, मध्ये हिरवं पाणी, वाळुंजाच्या झुडपांना पिवळेपणा यायला लागलेला. त्या दरीत एक चिमुकला पक्षी असतो, त्याचं गाणं वरच्या सुरावरून एकेक पायरी उतरत खाली येतं आणि संपतं. सगळे थांबून ऐकायला लागले. रॉइसनं तो पक्षी स्वतः आणून ठेवल्यासारखी मान डोलावली.

जेवायला आम्ही नदीच्या वळणावर कॉटनवुडच्या झाडांच्या सावलीत बसलो. नादीननं भोपळ्याचा केक आणला होता. रॉइसनं सगळ्यांच्या मागे फिरून चुरा गोळा केला. ग्लेनला तेवढीच संधी मिळाली.

"रॉइस, वर जायची घळ लक्षात आहे ना? मला तर इथून सगळ्या सारख्याच दिसतात."

"ग्लेन, लोक खुणा वाचतात. मी जमीन वाचतो."

"म्हणजे आहे लक्षात?"

"जमिनीच्या लक्षात आहे."

यावर मंडळात कौतुकाची कुजबुज झाली. मी मात्र केकचा तुकडा तोंडात ठेवून प्रार्थना करत होते. माझी प्रार्थना एवढीच होती की येताना त्याची नजर खाली असू दे.

नजर खाली नव्हती. येताना तो ताठ मानेनं कातळाकडे बघत चालला होता, जमीन वाचत. पहिल्याच घळीत तो उजवीकडे वळला. मी मागून हाक मारली, "रॉइस, ही नव्हे बहुतेक!"

"मार्लिस, डिशवॉशर तुझा, दरी माझी."

डिशवॉशर माझा असल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आम्ही घसारा चढलो. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. ऊन डोक्यावर होतं आणि दगड तापले होते. वर पोचलो तर समोर कातळ, भिंतीसारखा. त्याच्यात एक कोळी राहत होता, बाकी काही नव्हतं.

रॉइस कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "मुद्दाम आणलं तुम्हाला. इथून कातळाचे थर फार छान दिसतात."

"छान आहेत," नादीन कण्हत म्हणाली. "आता माझा गुडघा बोलायला लागलाय."

खाली आलो. पाणी संपत आलं होतं. सूर्य पलीकडच्या कड्याकडे कलला होता. रॉइस आता झपाझप चालत होता आणि ज्याला काही सुचत नाही तो माणूस जसा चालतो तसा चालत होता. आणि मग पुढच्या घळीच्या तोंडाशी मला माझी लगोरी दिसली. वाकडी, पण उभी. माझा जीव भांड्यात पडला. रॉइसलाही दिसली. तो तिच्यापाशी थांबला. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो.

"ही आपली घळ नाही," रॉइस म्हणाला.

"का रे?" ग्लेननं विचारलं.

"का म्हणजे? आपल्या वाटेवरच्या सगळ्या लगोऱ्या मी सकाळी पाडल्या. ही उभी आहे. म्हणजे आपण इथून आलोच नाही. पुढे चला."

आणि मंडळानं माना डोलावल्या! इतकी शिकलेली माणसं, त्यात एक गणिताची मास्तरीण, आणि सगळ्यांना ते पटलं. तर्कात खोट नव्हतीच. तो त्या घळीकडे पाठ करून पुढे निघालासुद्धा.

मी धावत पुढे गेले. "रॉइस, थांब. मला ते जुनिपरचं झाड ओळखीचं वाटतंय."

"जुनिपर सगळे सारखेच दिसतात, मार्लिस."

"मग मला जरा लघवीला जायचंय. या घळीत वर जाऊन येते. तुम्ही सगळे या मागोमाग."

"सगळे?" नादीननं विचारलं.

"मार्लिस, प्लीज," रॉइस हळू आवाजात म्हणाला. "आज नको." त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. त्या क्षणी मला कळलं की तो घाबरलाय, आणि त्याला स्वतःलाही कळलंय की तो घाबरलाय.

नादीन मटकन खाली बसली आणि गुडघ्याचा पट्टा सोडायला लागली. म्हणाली, ती आता आणखी एकच घळ चढणार, कुठली ते आम्ही ठरवावं. ऑर्विल एका दगडावर टेकला होता. त्यानं नादीनकडे बघितलं, मावळतीकडे बघितलं. तोंडातलं टरफल काढून खिशात टाकलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग घसा खाकरला.

त्यानं एक शब्द बोलायची खोटी होती. मला पुढचे सगळे मंगळवार डोळ्यांसमोर दिसले. मी ताटल्या लावतेय आणि मागे कुणीतरी खोल श्वास घेतंय.

"ती मी रचली!" मी ओरडले. "ती लगोरी मी रचली, रॉइस! सकाळी तू पाडलीस आणि मी पुन्हा रचली. हीच आपली घळ आहे!"

नदीचा आवाज एकदम मोठा झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. ऑर्विलनं तोंड मिटलं आणि टोपी परत डोक्यावर ठेवली.

"मार्लिस, तू?" नादीन म्हणाली. "अगं, इतकी वर्षं मी तुझ्याकडून केस कापून घेतले!"

"त्याचा इथे काय संबंध?"

"माणसावर विश्वास ठेवून बसतो गं आपण!"

"एक मिनिट," ग्लेननं हात वर केला. "मुद्दा वेगळा आहे. ही लगोरी आपल्याच सभासदानं रचलीय. हिच्या आधारानं आपण वर गेलो, तर मंडळाचं तत्त्व मोडतं की नाही?"

"मोडतं," दोघीतिघी म्हणाल्या.

"तिच्याकडे न बघता गेलो तर?"

"आता तर बघितली ना."

"मी नाही बघितली नीट," गणिताची मास्तरीण म्हणाली. "माझा चष्मा पिशवीत आहे. मी पुढे होते, तुम्ही सगळे माझ्या मागून या. म्हणजे तत्त्वही राहील."

माझं डोकं फिरलं. "अरे, तुमचं ते तत्त्व घाला चुलीत! तिचा गुडघा बघा, सूर्य बघा, बाटल्या बघा! ही काय सभा भरवायची जागा आहे?"

ग्लेननं वर केलेला हात खाली घेतला. रॉइस माझ्यासमोर आला. "तुला वाटलं, मला वाट सापडणार नाही?"

"हो."

"सकाळीच वाटलं?"

"रॉइस, आपल्या लग्नाच्या दिवशी तू दुसऱ्याच चर्चमध्ये जाऊन बसला होतास."

"तिथे गाड्या लावायला जास्त जागा होती," तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. त्याचा चेहरा पार उतरला. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. जन्मभर दुसऱ्यांचे पोचे दाखवत फिरलेला माणूस, आणि आज त्याचा पोचा सगळं मंडळ वाकून बघत होतं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. त्याच वेळी असंही वाटत होतं की आता हा नापास होणार आणि माझ्या घरी राहायला येणार.

रॉइस वळला, लगोरीपाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला. वरचा दगड उचलला, फिरवून बघितला, दगडफूल वर करून जमिनीत बसवला. मग दुसरा. मग तिसरा. आम्ही तहानलेले उभे राहून बघत होतो. शेवटचा दगड बसवून तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "चला. हीच घळ."

आणि त्यानं आम्हाला वर आणलं. खरोखर आणलं. वळणावर माझी लगोरी दिसली की तो योग्य बाजूला वळायचा, आणि वळल्याबरोबर तिला जमीनदोस्त करायचा. माझं लिहिलेलं वाचत आणि वाचलेलं पुसत तो पुढे चालला होता. नादीनला ग्लेननं एका बाजूनं धरलं होतं, मी दुसऱ्या. फटीतून पठारावर पाऊल ठेवलं तेव्हा आमच्या मागे दरीत एकही खूण उरली नव्हती. मंडळाच्या इतिहासात एवढी स्वच्छ दरी कुणी मागे ठेवली नसेल.

ट्रकपाशी ग्लेननं बर्फाच्या पेटीतून बिअर काढली. सगळे आधी पाणीच प्यायले. मग सगळे ऑर्विलकडे बघायला लागले, कारण आता त्याला बोलायची मुभा होती.

"मला बोलावं लागलं नाही," ऑर्विल म्हणाला. "मार्लिस आधी बोलली. म्हणजे नियमानं रॉइस पास."

"पण तो चुकला ना!" ग्लेन म्हणाला. "ढळढळीत चुकला!"

"चुकला. मीही चुकायचो. दर गुरुवारी चुकायचो." ऑर्विलनं बाटली ट्रकच्या फळीवर ठेवली. "मी पाडायचो आणि हेलन मागून रचायची. पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं. येताना उभी लगोरी दिसली की मला कळायचं, इथून वळायचं. रॉइस नवखा आहे. त्याला वाटलं कुणा परक्यानं रचली असेल. सरावलेल्या माणसाला बरोबर कळतं की मागून बायको येतेय."

मग नादीननं विचारलं, "पण ऑर्विल, हेलन जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून कसं काय नेतोयस आम्हाला?"

"पाट्या असलेल्या वाटांनी. दोन वर्षं सगळ्या पाट्या असलेल्या वाटा. तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही."

आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागलो.

"म्हणून," तो म्हणाला, "म्होरक्या रॉइस, आणि पिछाडीला मार्लिस. कायमची. गुरुवारी, आणि मंगळवारीही."

"मंगळवारी कशाला?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मंगळवारी तो एकटा जातो!"

"मंगळवारीच तर हरवायची भीती. हाक मारायला कुणी नसतं."

टाळ्या पडल्या. कुणालाच यात काही वावगं दिसलं नाही. तत्त्व पुढे चालणार होतं, दगड मागून येणार होते, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडायचं कारण नव्हतं. ग्लेनचा घटस्फोट झालेला आहे, त्यामुळे त्यानं लगेच माघार घेतली. रॉइस प्रत्येकाशी हात मिळवत फिरत होता. कड्यापलीकडून तिरपं ऊन त्याच्या तोंडावर आलं होतं आणि तो इतका खूश मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

ऑर्विल काठी टेकत माझ्याजवळ आला.

"हेलनला चालायला आवडायचं नाही," तो म्हणाला. "ती गेल्यावर तिच्या बहिणीनं मला सांगितलं. गुरुवारी तिला घरी बसायचं असायचं. नुसतं बसायचं."

"आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत तिला?"

"मी पुढे असायचो," तो म्हणाला. मग थोडा वेळ बूट जमिनीवर घासत राहिला. "तुला आवडतं का गं चालायला, मार्लिस?"

तेवढ्यात रॉइसनं ट्रकमधून हाक मारली. "मार्लिस, चल गं! मंगळवारी कुठली दरी घ्यायची, तू सांग! आता आपण दोघं मिळून ठरवायचं!" दोघं मिळून ठरवायचं असं तो आमच्या संसारात पहिल्यांदाच म्हणाला होता. त्यानं माझ्या बाजूचं दार आतून उघडून धरलं होतं.

"आवडतं," मी ऑर्विलला म्हणाले आणि जाऊन ट्रकमध्ये बसले.

आता रॉइस म्होरक्या आहे. तो पाडतो, मी रचते. येताना उभी लगोरी दिसली की तो 'जमीन सांगतेय, इकडून' असं म्हणतो आणि वळतो, आणि मंडळ माना डोलावतं. मागे वळून तो कधी बघत नाही. हातमोजे मला त्यानंच आणून दिले, चांगले जाडे आहेत. आणि मंगळवारी अन् गुरुवारी आमचं घर दिवसभर शांत असतं, अगदी मला हवं होतं तसं. मीच तेवढी तिथे नसते.